कीव्हवरची चढाई खरंच हूल होती का? (युक्रेन, फेब्रुवारी–मार्च २०२२)

नकाशाप्रेमी

युक्रेन युद्धावर कुठेही चर्चा निघाली की एक वाक्य हमखास येतं: "रशियाला कीव्ह घ्यायचंच नव्हतं. ती हूल होती, खरं लक्ष्य पूर्व युक्रेनमधला डोनबास." मला हे पटत नाही. का पटत नाही ते इथे सविस्तर मांडतो आहे. ज्यांना पटतं त्यांनीही मुद्द्यांसकट लिहावं.

या दाव्याचा उगम एका तारखेत आहे. २५ मार्च २०२२ ला रशियन जनरल स्टाफचे सर्गेई रुडस्कोय यांनी सांगितलं की पहिल्या टप्प्याची उद्दिष्टं बहुतांशी साध्य झाली असून आता डोनबासवर लक्ष केंद्रित करणार. चारच दिवसांनी युक्रेनशी इस्तंबूलला झालेल्या बोलण्यांनंतर उपसंरक्षणमंत्री अलेक्झांडर फोमिन यांनी कीव्ह आणि चेर्निहिव्हकडच्या कारवाया मोठ्या प्रमाणात कमी करत असल्याचं जाहीर केलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उत्तरेकडून रशियन फौज संपूर्ण बाहेर पडलेली होती. म्हणजे हूल होती हे जगाला कळलं ते माघार ठरल्यावर. त्याआधीच्या महिन्याभरात जमिनीवर जे घडलं ते वेगळंच सांगतं.

पहिल्या दिवसापासून बघू. २४ फेब्रुवारीला सकाळी रशियन हेलिकॉप्टरं कीव्हच्या उत्तरेच्या जलाशयावरून, पाण्याला चिकटून उडत आली आणि हॉस्टोमेलच्या अँतोनोव्ह विमानतळावर छत्रीदलाचे दोन-तीनशे सैनिक उतरले. हा विमानतळ कीव्हच्या वेशीपासून जेमतेम दहा किलोमीटरवर. धावपट्टी ताब्यात आली की इल्यूशिन-७६ वाहतूक विमानांतून हजारभर सैनिक आणि चिलखती गाड्या थेट उतरवायच्या आणि सरकारी इमारतींकडे कूच करायचं, असा बेत होता. तिथे पहाऱ्याला युक्रेनच्या नॅशनल गार्डचे थोडे सैनिक होते, त्यांत सक्तीच्या भरतीतली कोवळी पोरंही. त्यांनी खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी काही हेलिकॉप्टरं पाडली. दुपारनंतर युक्रेनच्या तोफा धावपट्टीवर आग ओकू लागल्या, संध्याकाळपर्यंत प्रतिहल्ला झाला आणि वाहतूक विमानांना हवेतूनच परत फिरावं लागलं. दुसऱ्या दिवशी बेलारूसकडून आलेल्या रणगाड्यांनी विमानतळ घेतला खरा, पण धावपट्टी उखडलेली होती. जगातलं सर्वात मोठं मालवाहू विमान 'म्रिया' याच धुमश्चक्रीत हँगरमध्ये जळालं.

हूल द्यायला कोणी आपलं सर्वात मौल्यवान छत्रीदल शत्रूच्या राजधानीच्या दारात एकटं उतरवतं का?

दुसरी गोष्ट, पहिल्या काफिल्यांमध्ये रोसग्वार्दिया या रशियाच्या अंतर्गत सुरक्षा दलाच्या दंगलविरोधी पोलिसांच्या तुकड्या होत्या. सायबेरियातून आणलेली अशी एक तुकडी इरपिन नदीच्या पुलापाशी जवळजवळ नष्ट झाली. लाठी-ढालवाले पोलीस आघाडीवर कशाला लागतात? शहर हाती आल्यावर निदर्शनं आवरायला.

तिसरी, २६ फेब्रुवारीला सकाळी रिया नोवोस्ती या सरकारी वृत्तसंस्थेच्या संकेतस्थळावर एक लेख झळकला. युक्रेन रशियाकडे परतला, अशा अर्थाचा विजयोत्सव. थोड्याच वेळात तो काढला गेला. लेख आधी लिहून ठेवलेला होता आणि वेळ लावून सोडला होता हे उघड आहे.

चौथी माझ्या मते निर्णायक. हूल देण्याचा हेतू असतो शत्रूचं सैन्य चुकीच्या जागी अडकवून ठेवणं. पण युक्रेनचं बरंचसं खडं सैन्य आधीच डोनबाससमोर होतं, कारण मुख्य घाव तिथेच बसेल असं त्यांच्या सेनापतींना वाटत होतं. कीव्हच्या बचावाला नियमित फौजेतली मुख्यतः ७२वी ब्रिगेड, दोन ब्रिगेडचा तोफखाना, बाकी टेरिटोरियल डिफेन्सचे स्वयंसेवक. लंडनच्या रुसी या लष्करी अभ्यास संस्थेच्या नोव्हेंबर २०२२ च्या अहवालानुसार कीव्हच्या उत्तरेला रशियाचं संख्याबळ बारास एक असं होतं. समोर अडकवून ठेवण्याजोगी फौजच नव्हती. तिथे बारापट बळ जमवणारा माणूस हूल देत नसतो, तो घाव घालत असतो.

कृष्णाकाठ

लेख मुद्देसूद आहे, पण एका अंगाने अपुरा. सगळ्यांचे डोळे कीव्हकडे असताना दक्षिणेत काय झालं? २०१४ पासून रशियाच्या ताब्यात असलेल्या क्रिमियातून निघालेल्या रशियन फौजांनी आठवड्याभरात मेलितोपोल घेतलं, २ मार्चच्या सुमारास खेरसन घेतलं. द्नीपर नदीच्या दोन्ही काठांवर पाय रोवले. क्रिमियाला पाणी देणारा कालवा युक्रेनने २०१४ पासून बंद ठेवला होता, त्याचा बंधारा पहिल्या काही दिवसांतच उडवून पाणी सोडलं. नंतर अझोव्ह समुद्राकाठचं मारियुपोल पडलं आणि रशिया ते क्रिमिया असा सलग जमिनीचा पट्टा तयार झाला. तो आजही त्यांच्याकडेच आहे.

त्यामुळे रशियाचं "नियोजनच भुसभुशीत होतं" असं जे सरसकट म्हटलं जातं ते मला मान्य नाही. एकाच देशाची फौज, तसेच रणगाडे. मग दक्षिणेत जमलं ते उत्तरेत का जमलं नाही? याचं उत्तर दिल्याशिवाय कीव्हची गोष्ट पूर्ण होत नाही. आणि कीव्हवर दबाव नसता तर युक्रेनने राजधानीच्या बचावात गुंतवलेला तोफखाना दक्षिणेला पाठवला असता, हेही नाकारता येत नाही. हेतू हुलीचा नसेल, परिणाम काही प्रमाणात तसा झालाच.

पिछाडीचा शिपाई

माझी सगळी नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये गेली. रसद हा माझा विषय, म्हणून त्या एकाच बाजूने लिहितो.

२८ फेब्रुवारीच्या उपग्रह छायाचित्रांत कीव्हच्या उत्तरेला सुमारे ६४ किलोमीटर लांबीचा काफिला दिसला. टीव्हीवर सगळीकडे तो अजस्र अजगर म्हणून दाखवत होते, आता कीव्ह गिळणार म्हणून. मी ते चित्र पाहिलं तेव्हा मनात आलं की हे सैन्य चालत नाहीये, हे तुंबलंय. रस्त्यावर दोन-दोन, तीन-तीन रांगांत गाड्या उभ्या. म्हणजे रिकामे टँकर परत येणार कुठून? पुढचा बंद पडलेला रणगाडा ओढायला रिकव्हरी गाडी जाणार कुठून? लष्करी वाहतुकीचा पहिला धडा असतो की जाण्याइतकीच परतीची वाट मोकळी हवी.

दोन्ही बाजूंना शेतं आणि दलदल. फेब्रुवारीअखेर तिथे बर्फ वितळायला लागतो आणि जमीन अशी होते की चाकांची गाडी रस्ता सोडूच शकत नाही. त्यात युक्रेनने इरपिनवरचे पूल उडवले आणि कोझारोव्हिचीजवळचा बांध फोडून नदीचं खोरंच पाण्याखाली घातलं. देमिदिव्ह हे गाव त्यात बुडालं. आपलं गाव पाण्यात जातंय हे दिसत असूनही तिथल्या लोकांनी ते सोसलं, याचं मला फार वाटतं.

आता कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचं माझ्या खात्यातलं उत्तर. रशियन सैन्य रेल्वेवर जगतं. दारूगोळा, इंधन सगळं रेल्वेने पुढच्या स्टेशनपर्यंत, तिथून ट्रकने. रेल्वेपासून शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत असलं तर त्यांचा तोफखाना भयानक असतो. त्यापुढे गेलं की ट्रक कमी पडतात, कारण अंतर दुप्पट झालं की तेवढाच माल पोचवायला ट्रकही दुप्पट लागतात आणि ते ट्रक स्वतःच जास्त डिझेल पितात. युक्रेनचे रूळ रशियासारखेच १५२० मिलिमीटरचे. शहरं हाती आली असती तर गाड्या सरळ आत आल्या असत्या. पण उत्तरेची मोठी जंक्शनं म्हणजे चेर्निहिव्ह, सुमी, खारकीव्ह. यांतलं एकही पडलं नाही. दक्षिणेत क्रिमियातून येणारा लोहमार्ग मोकळा मिळाला, पूल शाबूत मिळाले. फरक तिथे आहे.

ओवी

इतकी वर्षं इथे नुसती वाचत आले. सुमीचं नाव आलं म्हणून लिहिते.

माझी भाची सुमीला वैद्यकीयच्या तिसऱ्या वर्षाला होती. युद्ध सुरू झालं त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्या सांगत होत्या की दोन-तीन दिवसांत संपेल. अमेरिकेचे सर्वोच्च सेनाधिकारीसुद्धा कीव्ह ७२ तासांत पडू शकतं असं म्हणाल्याच्या बातम्या होत्या. आम्ही घरी तेच धरून बसलो की संपेल आणि मुलं येतील. भाची फोनवर वेगळंच सांगत होती. "आत्या, रणगाडे शहराच्या बाजूने निघून गेले, शहरात कोणी आलंच नाही. इथले दुकानदार, शिक्षक बंदुका घेऊन नाक्यावर उभे आहेत." वसतिगृहाला पाणी नव्हतं, मुलींनी बर्फ वितळवून वापरला.

तेव्हा मला कळत नव्हतं की रणगाडे पुढे गेले तर शहर कोणाच्या ताब्यात? नकाशावर तर सुमीच्या भोवती सगळीकडे लाल, म्हणजे रशियाच्या ताब्याचा, रंग होता. ८ मार्चला सुमारे ७०० भारतीय विद्यार्थी बसमधून पोल्टाव्हाला गेले, तिथून रेल्वेने पश्चिमेकडे आणि पोलंडमार्गे घरी. ज्या रस्त्याने बस गेल्या तो भाग नकाशात लालच होता म्हणे.

खारकीव्हमध्ये १ मार्चला कर्नाटकातला एक विद्यार्थी किराणा आणायला बाहेर पडला आणि मारला गेला. त्या घरच्यांना हूल होती की चढाई, यानं काय फरक पडतो? चर्चा जरूर करा. फक्त शहरांची नावं घेताना त्यात माणसं होती हे असू द्या.

नकाशाप्रेमी

ओवीताई, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. भाचीनं फोनवर जे सांगितलं तेच या धाग्याचं मर्म आहे, आणि ते बऱ्याच तज्ज्ञांच्या आधी तिला दिसलं होतं.

पहिल्या आठवड्यांतले नकाशे रशियन फौज ज्या रस्त्याने गेली त्याच्या दोन्ही बाजूंचा सगळा मुलूख रंगवून टाकत. प्रत्यक्षात त्यांच्या हाती होता तो डांबरी रस्ता, तोही शेवटचा ट्रक निघून जाईपर्यंत. मधली गावं, शेतं, जंगलं युक्रेनचीच. चेर्निहिव्हमध्ये युक्रेनची पहिली रणगाडा ब्रिगेड ठाण मांडून होती, तिला टाळून रशियन फौज कीव्हच्या पूर्वेला ब्रोव्हारीपर्यंत आली. तिथे ९–१० मार्चच्या सुमारास एक रणगाडा रेजिमेंट महामार्गावर रांगेत अडकली आणि तोफांच्या माऱ्यात पार विस्कटली. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. त्या दिवशीही नकाशावर लाल रंग वाढतच होता.

शहरांना वळसा घालून पुढे जाणं हे चुकीचं तंत्र नाही. पण मागे राहिलेलं शहर गप्प बसेल हे गृहीत धरलं तरच ते चालतं. रशियाची अख्खी योजना याच गृहीतावर उभी होती. रुसीच्या त्याच अहवालात म्हटलंय की दहा दिवसांत देश ताब्यात येईल असा त्यांचा हिशेब होता. बेत इतका गुप्त ठेवला होता की बऱ्याच अधिकाऱ्यांना हुकूम काही तास आधी मिळाले. बेलारूसमध्ये सराव चाललाय असंच शिपायांना वाटत होतं. ज्या सैन्याला लढाई होणार हेच सांगितलेलं नाही ते लढाईची तयारी कशी करणार?

मेघनापार

वळसा घालण्याचा विषय निघाला आणि १९७१ आठवलं नाही असं कसं होईल. आपल्या सैन्यानं पूर्व पाकिस्तानात हेच केलं होतं. पाकिस्तानने शहरांचे गड केले होते, प्रत्येक गडात धान्य-दारूगोळा भरून ठेवला होता. आपण गड टाळून मधल्या वाटांनी ढाक्याकडे सरकलो. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ डिसेंबरला शरणागती, ९३,००० युद्धकैदी.

हॉस्टोमेलशी तर थेट तुलना करता येते. ११ डिसेंबरला दुपारी उशिरा टांगाइलजवळ आपली २ पॅरा ही पलटण छत्रीने उतरली. काम होतं लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल धरून ठेवायचं, म्हणजे उत्तरेकडून माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड ढाक्याला पोचू नये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तरेकडून दौडत आलेली १ मराठा लाइट इन्फंट्री, आपली जंगी पलटण, त्यांना येऊन भिडली. छत्रीदल आणि जमिनीवरची फौज यांची गाठ पडायला साधारण एक दिवस लागला. वरवर पाहता हॉस्टोमेलमध्येही दुसऱ्या दिवशी गाठ पडलीच की. मग एक डाव फत्ते आणि दुसरा फसला, असं का?

मला तीन कारणं दिसतात. टांगाइलमध्ये उतरलेल्यांना धावपट्टी लागत नव्हती, एक पूल धरायचा होता. हॉस्टोमेलचा सगळा डाव धावपट्टीवर होता आणि ती खराब करायला काही तोफगोळे पुरले. दुसरं, १९७१ मध्ये ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाने पहिल्या काही दिवसांतच निकामी केली होती, पूर्वेचं आकाश पूर्ण आपलं होतं. युक्रेनने हल्ल्याआधीच आपली विमानं आणि हवाई संरक्षणाची क्षेपणास्त्रं जागा बदलून हलवली होती. रशियाचे बरेच घाव रिकाम्या जागांवर बसले. आणि तिसरं सर्वात मोठं. टांगाइल भागात कादर सिद्दिकींची मुक्तिवाहिनी होती. उतरलेल्या सैनिकांचं विखुरलेलं सामान गोळा करून आणायला गावकरी धावले. हॉस्टोमेलच्या आणि शेजारच्या बुचाच्या लोकांनी रशियन गाड्या कुठे उभ्या आहेत ते फोनवरून आपल्या सैन्याला कळवलं.

शिवाय माणेकशा यांनी पावसाळा टाळून हिवाळ्यातली कोरडी जमीन पाहून वेळ निवडली. पुतिन यांनी वितळत्या बर्फाची निवडली.

कृष्णाकाठ

मेघनापार, टांगाइलची माहिती उत्तम. पण १९७१ शी तुलना करताना जपून. पाकिस्तानची पूर्वेची फौज चहूबाजूंनी कोंडलेली होती, समुद्र आपल्या नौदलाने बंद केला होता, कुमक येण्याची आशा नव्हती. युक्रेनच्या पाठीशी पोलंडची उघडी सीमा होती, तिथून शस्त्रं येत होती. अमेरिकेच्या गुप्तचर खात्याचे प्रमुख विल्यम बर्न्स जानेवारीतच कीव्हला जाऊन हॉस्टोमेलवरच्या बेताची कल्पना देऊन आले होते. आणि महत्त्वाचं, १९७१ मध्ये एका जनतेला तिच्याच मागणीवरून मोकळं करायला सैन्य गेलं होतं. इथे शेजारी देश घशात घालायला. त्या दोन्हींचे डावपेच एका तराजूत घालता येत नाहीत.

मेघनापार

शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, आणि माझं म्हणणंही तेच आहे. जनता कोणाची, यावर वळसा घालण्याचं तंत्र चालतं की नाही ते ठरतं. तो मुद्दा नैतिकही आहे आणि शुद्ध लष्करीही.

शोधक_नागपूर

पानिपताचा उल्लेख अजून कोणी केला नाही. भाऊसाहेबांची फौज दोन महिने तळ ठोकून होती, दिल्लीची वाट अब्दालीनं तोडली, अन्न तुटलं आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी पोटी लढावं लागलं. परक्या मुलखात पिछाडी तुटलेल्या सैन्याचं काय होतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक सावधगिरीची सूचनाही करतो. त्या महिन्यांत आपल्यापर्यंत पोचलेली बरीचशी चित्रं युक्रेनच्या बाजूची होती. जळालेला रशियन रणगाडा दिसायचा, जळालेला युक्रेनचा क्वचित. 'कीव्हचं भूत' नावाच्या वैमानिकाच्या पराक्रमावर कित्येक जण भाळले, नंतर युक्रेनच्या हवाई दलानेच ती दंतकथा असल्याचं मान्य केलं. काळ्या समुद्रातल्या सर्पद्वीपावरचे युक्रेनचे सैनिक हुतात्मे म्हणून जाहीर झाले आणि नंतर जिवंत कैदी निघाले. आपल्या देशावर हल्ला झाल्यावर मनोधैर्यासाठी अशा कथा पसरतात, मी त्यांना दोष देत नाही. पण दूर बसून डावपेचांचा निकाल देणाऱ्यांनी तरी पारखून घ्यावं.

दुसऱ्या बाजूला तर बोलायचीच सोय नव्हती. ४ मार्च २०२२ ला रशियात कायदा झाला की सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवल्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास. तरीही तिथे टीका झालीच, आणि ती कट्टर युद्धसमर्थकांकडून. २०१४ मध्ये डोनबासमध्ये स्वतः लढलेले इगोर गिरकिन सुरुवातीपासून सांगत होते की एवढ्याशा फौजेनं हे जमणार नाही. मे २०२२ मध्ये बिलोहोरिव्का इथे सिव्हेर्स्की दोनेत्स नदी ओलांडताना रशियन सैन्याने एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा तराफ्याचा पूल टाकला आणि गाड्यांचा ढीग गमावला, तेव्हा रशियन युद्धब्लॉगरच सर्वात जास्त संतापले होते. गिरकिन यांना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. ज्या सैन्यात चूक दाखवणारा तुरुंगात जातो तिथे चूक दुरुस्त व्हायला जास्त जीव खर्ची पडतात.

पिछाडीचा शिपाई

शोधक, शेवटचं वाक्य शंभर टक्के खरं. तरी एक भर घालतो. रशियन सैन्य शिकलं नाही असं समजू नका. कीव्हनंतर त्यांनी आघाडी आखूड केली, रेल्वेच्या जवळ आले, तोफखान्याच्या जोरावर डोनबासमधलं सेव्हेरोदोनेत्स्क घेतलं. नंतर खंदक, सुरुंगांची शेतं, ड्रोन. २०२३ च्या उन्हाळ्यात युक्रेनचा दक्षिणेतला मोठा हल्ला रोबोतिनेच्या आसपास अडकला तो याच बचावामुळे. त्या वेळी पाश्चात्य देशांतून रोज विचारणा व्हायची, "आज किती किलोमीटर?" सुरुंगाच्या शेतातून सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारा सैनिक, पोटावर सरकत जातो. विमानांचं छत्र नसताना त्यानं किलोमीटर मोजायचे? मला त्या प्रश्नाचा राग येत असे.

नकाशाप्रेमी

अगदी. किलोमीटरच्या हिशेबाने खेरसनकडे बघा. जुलै २०२२ पासून युक्रेनने अमेरिकेकडून मिळालेल्या हायमार्स रॉकेटांनी द्नीपरवरचा अंतोनिव्का पूल आणि नदीवरच्या इतर वाटा फोडायला सुरुवात केली. ऑगस्टअखेर हल्ला सुरू झाला. पुढचे काही आठवडे त्या आघाडीवरचा नकाशा फारसा हलला नाही. जो तो म्हणत होता, फसलं. दरम्यान नदीपलीकडच्या रशियन फौजेला दारूगोळा तराफ्यांवरून न्यावा लागत होता. ९ नोव्हेंबरला रशियाने माघार जाहीर केली आणि ११ तारखेला खेरसनच्या चौकात युक्रेनचे सैनिक होते. शहरात घरोघरी लढाई न होता. नकाशा स्थिर होता तेव्हाच लढाई जिंकली जात होती.

उलट उदाहरण बाखमुतचं. मे २०२३ मध्ये वाग्नर या रशियाच्या भाडोत्री फौजेने ते घेतलं. शहराची राख झाली, पुढे मोकळं मैदान मिळालं नाही, आणि महिन्याभरात, २३–२४ जूनला, त्याच वाग्नरने प्रिगोझिन यांच्या नेतृत्वाखाली बंड करून मॉस्कोकडे कूच केलं. नकाशावर तो विजय होता. अर्थात युक्रेनने बाखमुत इतका काळ धरून ठेवायला हवं होतं का, यावरही युक्रेनमध्येच तीव्र मतभेद होते आणि ते रास्त होते. तिथे त्यांचेही अनुभवी सैनिक मोठ्या संख्येने गेले.

आता कृष्णाकाठ यांचा मूळ प्रश्न, दक्षिण. रेल्वेचं उत्तर मिळालं, पण ते अर्धं आहे. दक्षिणेतही जिथे पूल उडवले गेले आणि गावं उभी राहिली तिथे रशिया थांबलाच. मार्चच्या सुरुवातीला वोझ्नेसेन्स्कमध्ये सैनिकांनी आणि गावकऱ्यांनी पूल उडवून, रस्त्यांवर अडथळे रचून रशियन तुकडीला परत पाठवलं. त्यामुळे ओडेसाकडची जमिनीवरची वाट बंद झाली. म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांत फरक रशियन नियोजनाचा नव्हता. फरक इतकाच की क्रिमियाच्या तोंडाशी वाट अडवायला हवी होती ती अडवली गेली नाही.

कृष्णाकाठ

इथे आपण एकमेकांच्या जवळ येतोय. हूल हा शब्द मी सोडून देतो असं नाही, परिणामाच्या अंगाने तो वापरता येईल असं मला अजूनही वाटतं. पण हेतूच्या बाबतीत तुमचे पुरावे भक्कम आहेत, विशेषतः पोलीस तुकड्यांचा.

मात्र दक्षिणेबद्दल तुम्ही जे एका वाक्यात सोडून दिलंत तिथेच मला सर्वात मोठा प्रश्न दिसतो. क्रिमियातून बाहेर पडायच्या वाटा अरुंद आहेत. चोन्हारचे पूल आणि पेरेकोपची चिंचोळी पट्टी. २०१४ पासून आठ वर्षं सगळ्यांना माहीत होतं की हल्ला झाला तर इथूनच होईल. पूल सुरुंगांनी सज्ज असल्याचं सांगितलं जात होतं. मग ते का उडाले नाहीत? तिथे पुरेशी फौज का नव्हती? ३१ मार्च २०२२ ला झेलेन्स्की यांनी खेरसनच्या सुरक्षा खात्याच्या प्रमुखाची जनरल ही पदवी काढून घेतली आणि त्याला देशद्रोही म्हटलं. पण एक माणूस एवढं करू शकत नाही. राजधानी वाचवण्याच्या गौरवगाथेत हा प्रश्न झाकला गेला, आणि मारियुपोलच्या लोकांनी त्याची किंमत मोजली. दोन्ही बाजूंनी जमीन तुटल्यामुळे ते शहर वेढ्यात सापडलं आणि २० मेपर्यंत अझोव्हस्टाल या पोलाद कारखान्याच्या तळघरांत माणसं लढत राहिली.

ओवी

कृष्णाकाठ, माझ्या भाचीची एक मैत्रीण मारियुपोलची होती. वर्गात शेजारी बसायची. तिच्या घरचे वेढ्यात अडकले होते. पुलांबद्दल तुम्ही विचारताय तेच ती फोनवर रडत विचारायची, की इतकी वर्षं माहीत होतं तर तयारी का नव्हती.

नकाशाप्रेमी

हा प्रश्न युक्रेनचे पत्रकार आणि खासदार युद्ध चालू असतानाच उघडपणे विचारत आले आहेत, चौकशीही सुरू झाली. हल्ला झालेला देश स्वतःच्या सेनापतींना असं जाहीर विचारतोय, ही गोष्ट मला त्या रणगाड्यांच्या व्हिडिओंपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते.

कृष्णाकाठ, चोन्हार आणि पेरेकोपवर वेगळा धागा काढा. २०१४ ते २०२२ मध्ये तिथे कोणत्या ब्रिगेड होत्या आणि त्या केव्हा हलवल्या, तिथून सुरुवात करू. पिछाडीचा शिपाई, क्रिमियातून आलेल्या लोहमार्गाबद्दल तुम्ही तिथे सविस्तर लिहावं ही विनंती.

पिछाडीचा शिपाई

लिहितो. जान्कोई जंक्शनपासून सुरुवात करावी लागेल, दक्षिणेची सगळी रसद तिथूनच वाहते.